आरंभबिंदू सर

नागपुरात कोणालाही पत्ता विचारा, उत्तर ठरलेलं: "हे काय जी, इथंच तं आहे." त्या 'इथंच'वर भरवसा ठेवून माणूस निघतो आणि पाऊण तासानं घामाघूम होऊन पोचतो. आमच्या गल्लीतल्या सरांना विचारलं तर असं फसायला होत नाही. ते आधी उलट विचारतात, "अंतर पायजे का रस्ता पायजे?" या प्रश्नाचा उलगडा होईपर्यंत पाऊण तास तिथंच जातो. त्यांच्या मते हे दोन वेगळे विषय आहेत. अंतर ही भूमिती. रस्ता हे महानगरपालिकेचं खातं, आणि त्या खात्याबद्दल ते बोलत नाहीत.

सर दहावीला भूमिती शिकवायचे. निवृत्त झाले, पण निर्देशक भूमितीचा पाचवा धडा काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. आजही शर्टाच्या खिशात घडी केलेला आलेख कागद असतो, सोबत टोक काढलेली पेन्सिल. भाजीवाल्याच्या हिशेबापासून पाहुण्यांच्या चौकशीपर्यंत कुठल्याही बोलण्याची सुरुवात ते एकाच वाक्यानं करतात: "आधी आरंभबिंदू ठरवा." पोरांनी नाव पाडलं ते यावरूनच. सरांना ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही. गणिताच्या इतर शिक्षकांना मिळालेली नावं त्यांनी ऐकलेली आहेत.

सर म्हणजे एक जातच आहे. प्रत्येक गावात तिचा एक तरी नमुना असतो. जगाचा गुंता दोन आकड्यांत मावतो, एक आडवा आणि एक उभा, अशी या जातीची श्रद्धा. मावला नाही तर दोष जगाचा. फरक एवढाच, की आमचे सर नागपूरचे, आणि नागपूरच्या माणसाला आरंभबिंदू शोधायला लांब जावं लागत नाही. विधानभवनाजवळ झिरो माइलचा दगडी खांब उभा आहे, शेजारी चार घोडे. भारताचा मध्य तो हाच, असं नागपूरचं शेंबडं पोरही सांगतं. सरांना मध्याशी कर्तव्य नाही. खांबावर शून्य आहे, तेवढं त्यांना पुरतं.

तर झिरो माइल म्हणजे (०, ०). तिथून पूर्वेकडे क्ष वाढतो, उत्तरेकडे य वाढतो, एकक किलोमीटर. सगळं शहर सरांनी या हिशेबानं बसवून टाकलं आहे. इतवारी पहिल्या चरणात, दोन्हीकडून अधिक, कारण व्यापारी लोक. सिव्हिल लाइन्स दुसऱ्यात, विधानभवनासकट: क्ष उणे, य अधिक. "म्हणून हिवाळी अधिवेशनात अर्धे हो म्हणतात, अर्धे नाही," हा सरांचा दरवर्षी डिसेंबरातला विनोद. महाल चौथ्यात. आणि धरमपेठपासून प्रतापनगर, त्रिमूर्तीनगरापर्यंतची पांढरपेशी वस्ती तिसऱ्या चरणात, म्हणजे दोन्हीकडून उणे.

ही शेवटची गोष्ट त्यांनी एकदा सोसायटीच्या सभेत बोलून दाखवली. विषय पार्किंगचा होता. एक निवृत्त अधिकारी तिथल्या तिथं उभे राहिले. "उणे म्हणजे? आम्ही कोणापेक्षा उणे? इकडे प्लॉटचे भाव माहीत आहेत का तुम्हाला?" सरांनी शांतपणे समजावलं, की उणे हे नुसतं दिशेचं चिन्ह आहे. अंतर काढताना फरकाचा वर्ग करायचा असतो, आणि वर्ग केला की उणेपण आपोआप जातं. अधिकाऱ्यांना 'वर्ग' या शब्दातून भलताच अर्थ लागला आणि पार्किंगचा विषय त्या दिवशी राहूनच गेला.

खुद्द सरांचं घर (−३, −४) वर आहे. निदान सरांच्या म्हणण्याप्रमाणे. काकूंचं म्हणणं असं, की त्या काळी याच पैशात धरमपेठेत गल्लीच्या तोंडाशी जागा मिळत होती, पण यांनी नकाशा पसरला, पट्टी लावली आणि हाच प्लॉट पाहिजे म्हणून बसले. तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, बेरीज पंचवीस, वर्गमूळ पाच. घर आरंभबिंदूपासून नेमकं पाच किलोमीटर. काकू अजून म्हणतात, "पाच आले हो, पण पाणी यायला दहा वर्षं लागली."

पण आरंभबिंदूवरही सरांचा राग आहे. त्या खांबावर निरनिराळ्या गावांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत: जबलपूर १७०, हैदराबाद ३१८. एका रविवारी सरांनी हैदराबादचं अंतर स्वतः काढून पाहिलं. अक्षांशांतला फरक पावणेचार अंश, अंशाला १११ किलोमीटर. रेखांशांतला फरक अर्ध्या अंशाहून थोडा जास्त, आणि आपल्या पट्ट्यात रेखांशाच्या एका अंशाला १११ नव्हे, १०४-१०५ च किलोमीटर, कारण उत्तरेकडे जाताना रेखांश एकमेकांजवळ सरकत जातात. दोन्ही फरकांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ. उत्तर आलं ४२० च्या आसपास. दगड सांगतो ३१८ मैल, म्हणजे जवळजवळ ५१२ किलोमीटर. "आता सांगा," सर मला म्हणाले, "चारसोवीस कोण? मी का दगड?" ज्या इंग्रजांनी हिंदुस्थानभर त्रिकोण टाकून देश मोजला, त्यांनीच दगडावर बैलगाडीच्या वाटेचं अंतर कोरून ठेवावं, हे त्यांना अजून पचलेलं नाही. पृथ्वी गोल आहे आणि हे सूत्र सपाट कागदाचं आहे, हे सरांना अर्थातच ठाऊक आहे. हैदराबादपर्यंत ते खपवून घेतात. दिल्लीचं विचारलं की विषय बदलतात.

त्रिकोण टाकून देश मोजणाऱ्या त्या इंग्रजांपैकी विल्यम लॅम्बटनवर मात्र सरांचा जीव. १८०२ मध्ये मद्रासला मोजणी सुरू करणारा आणि पुढं वीस वर्षं त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकणारा हा माणूस १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. सर हे सांगताना थोडे थांबतात. मग म्हणतात, "सरळ रेषेत सत्तरच किलोमीटर राहिले होते." दुःखसुद्धा त्यांना सरळ रेषेतच होतं.

२०१९ मध्ये मेट्रो आली आणि सरांच्या आयुष्यात पेच पडला. नागपूर मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात दोन मार्गिका: केशरी रंगाची उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीपर्यंत, निळसर रंगाची पूर्व-पश्चिम, प्रजापतीनगरापासून लोकमान्यनगरापर्यंत. दोघी एकमेकींना छेदतात सीताबर्डीला. म्हणजे सरकारनं, कोट्यवधी रुपये खर्चून, काँक्रीटच्या खांबांवर, शहराच्या डोक्यावर, क्ष-अक्ष आणि य-अक्ष बांधून दिले. सरांनी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की अक्ष छेदतात ते झिरो माइलला नाही, एक स्टेशन खाली.

मग आरंभबिंदू कुठला? झिरो माइल, का बर्डी? त्यात कोणीतरी आठवण करून दिली, की रेल्वे स्टेशनाजवळ डायमंड क्रॉसिंग आहे, हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई रुळ एकमेकांना छेदून जातात ती जागा. तिसरा उमेदवार. गल्लीत दोन तट पडले. माझ्या शेजाऱ्याला बर्डी हवी होती, कारण तिथं त्याचं कापडाचं दुकान. दुकान (०, ०) वर असणं म्हणजे जाहिरातीचा खर्च वाचला.

निकाल सरांनी ओट्यावर बसून दिला, आणि मला वाटतं तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला तास होता. फळा नव्हता, खडूनं फरशीवर काढलं. आरंभबिंदू झिरो माइलवरून बर्डीला नेला तर काय होईल? प्रत्येक घराचा पत्ता बदलेल. प्रत्येकाच्या य मध्ये तेवढीच भर पडेल; महालातली काही घरं उठून वरच्या चरणात जातील, कोणाचं उणे अधिक होईल. पण कोणत्याही दोन घरांमधलं अंतर मात्र तसूभरही हलणार नाही, कारण सूत्रात येतो तो फरक. दोघांमध्ये सारखीच भर पडली की वजाबाकीत ती उडून जाते. "म्हणजे," सर म्हणाले, "शून्य तुम्ही कुठंही मांडा. तुमचा अन् तुमच्या भावाचा वाडा जेवढा दूर होता, तेवढाच राहणार." कापडवाल्यानं आणि त्याच्या भावानं एकमेकांकडे पाहिलं नाही. त्यांचं वाटणीचं प्रकरण कोर्टात आहे.

अक्ष सरळ नाहीत, मेट्रो वळणं घेते, ही तक्रार सरांनी त्यानंतर लेखी केली असल्याचं ऐकिवात आहे. उत्तर आल्याचं ऐकिवात नाही.

या सूत्राला लोक फुकट बदनाम करतात, असं सरांना वाटतं. दहावीचं पोर म्हणतं, याचा पुढं काय उपयोग? सर त्याला सांगतात, की देकार्तचं भूमितीवरचं लिखाण १६३७ चं. पण दोन बिंदूंमधल्या अंतराचं सूत्र छापून आलं १७३१ मध्ये, आणि छापणारा क्लेरो तेव्हा अठरा वर्षांचा होता. "तुझ्याहून दोन वर्षांनी मोठा. अन् तू पाठ करायला कुरकुरतो." छतावरची माशी पाहून देकार्तला अक्ष सुचले, ही गोष्टही ते रंगवून सांगतात. ती दंतकथा आहे, असं मी एकदा सुचवलं. सर म्हणाले, "असेल. पण माशीचे निर्देशक तं बरोबर आहेत ना?"

उपयोग मात्र होतो, आणि गल्ली त्यांना तेवढ्यापुरती मानते. आरटीईचे अर्ज निघाले की आयाबाया त्यांच्या ओट्यावर. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत पडतं, का एक ते तीनच्या मध्ये, यावर पोराचा नंबर अवलंबून. नकाशावर घराचा लाल फुगा टेकवायचा असतो. तो कुठं टेकवावा याचा सल्ला सर देतात, तो पूर्ण प्रामाणिक असतो, आणि म्हणून काही आयाबाया दुसऱ्या वर्षी येत नाहीत.

मुलीच्या लग्नात मात्र त्यांचा प्रामाणिकपणा अंगाशी आला. व्याही अमरावतीचे. कार्यालय कुठं घ्यायचं, नागपूरला का अमरावतीला, यावर बोलणी अडली. सरांना मध्यबिंदूचं सूत्र आठवलं. दोन्ही गावांचे अक्षांश मिळवून निम्मे, रेखांश मिळवून निम्मे, कोणावर अन्याय नको. मध्यबिंदू निघाला वर्धा जिल्ह्यात, कोणाच्या तरी तुरीच्या वावरात. सरांनी तो व्याह्यांना फोनवर दशांश चिन्हासह कळवला. व्याही गाडी काढून पाहायला गेले, हे विशेष. परत येऊन त्यांनी काकूंना फोन केला, सरांना नाही. लग्न नागपूरला झालं.

मग औषधाच्या दुकानाचं प्रकरण. दुकानावर पाटी: दोन किलोमीटरच्या आत घरपोच सेवा मोफत. सरांनी रक्तदाबाच्या गोळ्या मागवल्या. पोऱ्या आला आणि तीस रुपये जास्त मागू लागला. त्याच्या मोबाइलवर अंतर २.८ दिसत होतं. सर आत गेले, आलेख कागद घेऊन बाहेर आले. दुकानापासून घर पूर्व-पश्चिम १.२, उत्तर-दक्षिण १.६. वर्ग १.४४ आणि २.५६, बेरीज ४, वर्गमूळ २. "मी वर्तुळाच्या आत नाही, हे मान्य," सर म्हणाले, "पण बाहेरही नाही. मी परिघावर आहे." पोऱ्या म्हणाला, "आजोबा, मी परिघावरून नाही आलो, कचरा डेपोच्या मागून आलो." पैसे काकूंनी दिले. सरांचा रक्तदाब त्या दिवशी किती होता ते कोणी मोजलं नाही.

पण या सगळ्यांहून मोठा शत्रू वेगळाच आहे, आणि तो सरांनी स्वतः घडवला आहे.

वर्गमूळ बेरजेत शिरत नाही, हे सरांचं जन्मभराचं सांगणं. तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग यांचं वर्गमूळ पाच. पण दरवर्षी वर्गात दहाबारा पोरं असायची, जी वर्गमुळाचं चिन्ह दोघांवर वाटून टाकायची: तीन अधिक चार, सात. सर त्या साताभोवती लाल वर्तुळ काढायचे आणि बाहेर भोपळा. मागच्या बाकावरच्या एकानं तर तिमाही, सहामाही, सराव परीक्षा, सगळीकडे सातच लिहिले. सरांनी त्याला फळ्याजवळ उभं करून विचारलं होतं, "अरे, कर्ण दोन बाजूंच्या बेरजेएवढा असेल तर त्रिकोण उरतो का?" तो म्हणाला होता, "सर, मी त्रिकोणात राहत नाही."

तो आज ऑटो चालवतो. स्टँड झिरो माइलजवळ.

सर हिवाळ्यात सकाळी आरंभबिंदूचं दर्शन घ्यायला मेट्रोनं जातात. येताना गुडघे दुखतात म्हणून ऑटो. पहिल्यांदा त्याच्याच ऑटोत बसले तेव्हा तो पाया पडला आणि म्हणाला, "सर, सात किलोमीटरचे होतील." नागपुरातल्या ऑटोला मीटर असतो, तसा गाडीला स्टेपनीही असते, दोन्हींचा वापर क्वचितच होतो. सर म्हणाले, "पाच. घर (−३, −४)." तो म्हणाला, "हाव जी. पण तीन आडवे अन् चार उभे, दोन्ही चालवून राहिलो ना मी."

सर गप्प बसले. कारण त्यांना जे ठाऊक होतं ते त्याला ठाऊक नव्हतं: अंतर मोजायची ही रीतही गणितात मान्य आहे. आडवा फरक अधिक उभा फरक, बस्स. गणिती मिन्कोव्हस्कीशी तिचं नाव जोडतात, आणि व्यवहारात तिला चक्क टॅक्सीची भूमिती म्हणतात. ज्या उत्तरासाठी पोराला भोपळा दिला, ते उत्तर दुसऱ्या भूमितीत बरोबर होतं. हे सरांनी त्याला अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं, आणि वर शपथ घातली.

त्याऐवजी त्यांनी भास्कराचार्य काढले. लीलावती ११५० ची, तिच्यातलं माकडांचं गणित. शंभर हात उंच झाडावर दोन माकडं. तळं झाडाच्या बुंध्यापासून दोनशे हातांवर. एक माकड खाली उतरतं आणि चालत तळ्याशी जातं: तीनशे हात. दुसरं झाडावरून आणखी वर उडी घेतं आणि तिथून तिरपं सरळ तळ्यावर येतं. दोघांची वाटचाल सारखीच. तर दुसऱ्याची उडी किती? उत्तर पन्नास. दीडशे आणि दोनशेचा कर्ण अडीचशे, अधिक पन्नास, तीनशे. "पाहिलं? भास्कराचार्यांनाही दोन्ही वाटा माहीत होत्या. तू पहिलं माकड. मी दुसरं."

ऑटोवाल्यानं रहाटे कॉलनीच्या सिग्नलला मागं वळून पाहिलं. "पण सर, दुसऱ्या माकडानं पन्नास हात वर उडी मारली, त्याचं भाडं कोण देईल?"

सरांनी सातचे पैसे दिले. तेव्हापासून ते त्याच्याच ऑटोनं येतात. वाद पाचपासून सुरू होतो, सातवर संपतो, आणि दोघांनाही त्याची सवय झाली आहे. मधल्या सहावर तडजोड करावी, असं एकदा काकूंनी सुचवलं होतं. दोघेही एकदम म्हणाले, "सहा कुठल्याच हिशेबानं येत नाही."

यंदा त्याची मुलगी दहावीला आहे. संध्याकाळी तो तिला सरांकडे शिकवणीला सोडतो आणि ओट्याखाली ऑटो लावून मोबाइल पाहत बसतो. सर तिच्याकडून फी घेत नाहीत, तो सरांकडून सात सोडत नाही. पोरगी हुशार आहे. परवा चाचणीत सरांनी मुद्दाम तेच गणित घातलं, तीन आणि चारचं. तिनं सूत्र लिहिलं, किमती घातल्या, पंचवीसचं वर्गमूळ काढलं, आणि उत्तर पाच. एकक किलोमीटर, तेही लिहायला विसरली नाही. सरांनी वही हातात घेऊन तिला विचारलं, "हे पाच तुला कोणी शिकवलं? बाबांनी?"

"हाव सर. बाबा म्हणतात, पेपरात पाच लिहायचे अन् सवारीकडून सातचे घ्यायचे."